गोल्फचा चेंडू : चेपणे आणि आवाज

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. तरी गोल्फमधल्या एका समजुतीने मला पदार्थविज्ञानाकडे ओढले. फटका नीट बसला की कोरडा 'टक्' आवाज येतो, फसला की 'धप्'. खेळाडू म्हणतात, चेंडू चेपला म्हणूनच आवाज चांगला आला. हे अर्धेच खरे आहे.

चेंडूचे वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. क्लबशी त्याची गाठ सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरती. तेवढ्यात तो चपटा होऊन पुन्हा गोल होतो. तो चेपतो क्लबच्या पात्यावर, जमिनीवर नव्हे.

किती चेपेल, हे वेगावर आणि पात्याच्या कलावर ठरते. फटक्याची दिशा आणि पात्याचा लंब यांत ६० अंशांचा कोन असेल, तर चेपण्याच्या कामी निम्माच वेग येतो. १० अंश असेल तर जवळजवळ सगळा. (त्रिकोणमिती शाळेत नकोशी वाटायची!) मनगटे लवकर उलगडली की पाते मागे कलते, कधी आधी मातीच लागते, मग 'धप्'. हात चेंडूच्या किंचित पुढे राहिले तर आधी चेंडू, मग माती.

आवाज मात्र मुख्यतः पात्याच्या कंपनाचा. म्हणून एकाच क्लबचे दोन फटके कानाने ताडावेत, दोन क्लबांचे नव्हेत. पातळ टायटॅनियम पात्याचा ड्रायव्हर मुळातच कर्कश वाजतो. त्याच्या आवाजाने ऐकू कमी येऊ लागल्याची शक्यता असलेला एक रुग्ण २००८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डॉक्टरांनी नोंदवला आहे.