बल पोचत नाही, दाब पोचतो

चि. मुक्तास,


तू पाठवलेलं हायड्रॉलिक लिफ्टचं गणित पाहिलं. लहान दट्ट्याचा व्यास 4 सेंटीमीटर, मोठ्याचा 40, वर 1200 किलोची गाडी. गाडीचं वजन 11,760 न्यूटन तू बरोबर काढलंस, पण भागलंस 10 ने. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून भागायचं 100 ने. लहान दट्ट्यावर 117.6 न्यूटन पुरतात, म्हणजे जेमतेम 12 किलोंचा भार.

ही चूक सुधारेल. मला काळजी वाटते ती खाली लिहिलेल्या वाक्याची, की लहान दट्ट्यावरचं बल तेलातून मोठ्या दट्ट्यापर्यंत पोचतं. बल पोचत नाही गं, दाब पोचतो. बंदिस्त द्रवावर कुठेही दाब वाढवला की ती वाढ द्रवात सगळीकडे सारखीच होते, हा पास्कलचा नियम. मोठ्या दट्ट्याच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरला तेवढाच रेटा मिळतो. असे चौरस सेंटीमीटर तिथे शंभरपट आहेत, म्हणून एकूण बल शंभरपट.

मग हे जास्तीचं बल फुकट मिळालं का? गॅरेजमध्ये बॉटल जॅक चालताना लक्ष देऊन बघ. पोऱ्या दांडा वरखाली करत राहतो आणि गाडी केसभर उचलली जाते. दांडा वर गेला की टाकीतलं तेल झडपेतून आत येतं, खाली दाबला की तेच तेल मोठ्या दट्ट्याखाली जातं. तुझ्या गणितात गाडी 1 सेंटीमीटर वर जायला लहान दट्ट्या एकूण 1 मीटर सरकावा लागेल. बल वाढलं, अंतर त्याच पटीत घटलं. कार्य दोन्हीकडे सारखंच.

वातावरणाचा दाब का धरला नाही, असं विचारलं होतंस. तो दोन्ही दट्ट्यांवर बाहेरून सारखाच पडतो, म्हणून समीकरणाच्या दोन्ही बाजूंनी जातो. तो नगण्य आहे म्हणून नव्हे. गाडीमुळे तेलात वाढलेला दाब सुमारे 93,600 पास्कल आहे. वातावरणाचा त्याहून जास्त, 1,01,300 च्या आसपास.

आणि उदाहरणात "दोन्ही दट्टे एकाच पातळीवर" हे शब्द आहेत का, ते सूत्र लिहिण्याआधी शोधत जा. स्थिर द्रवात दाब सारखा असतो तो एकाच पातळीवर. मोठा दट्ट्या 1.5 मीटर वर असेल आणि तेलाची घनता दर घनमीटरला 850 किलो असेल, तर तेलाच्या त्या स्तंभाचेच 12,500 पास्कल आणखी पेलावे लागतात. सूत्र पाठ असलेली मुलं नेमकी इथे अडतात.

आता आकृती काढून, लहान दट्ट्याच्या पातळीवर आडवी रेघ मारून मोठा दट्ट्या तेवढा वर धरून हेच उदाहरण पुन्हा सोडव. बल 133 न्यूटनच्या आसपास यायला हवं. रविवारपर्यंत पाठव.

तुझा,
मामा