नागझिरा-कोका : वनविहार आणि वनरक्षण

भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून सर्वपरिचित आहे. परंतु हे तलाव आणि त्यांखालील धानाची शेती ज्यांच्या आधाराने टिकून आहे, त्या वनांकडे आपले तितकेसे लक्ष जात नाही. राज्याच्या ईशान्य टोकाची ही वने म्हणजे जनतेचा सामाईक ठेवाच होय.

नागझिरा अभयारण्य १९७० साली अस्तित्वात आले. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन झाले आणि त्याचा बहुतांश भाग गोंदिया जिल्ह्यात गेला. २०१३ साली भंडारा शहराजवळील कोका वनास अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा व कोका ही क्षेत्रे मिळून व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. साग, ऐन, बिजा, तेंदू, मोह व बांबू यांच्या या वनात वाघ, बिबट, अस्वल, रानगवा, सांबर आणि रानकुत्रे यांचा वास आहे. साकोली तालुक्यातील पिटेझरी येथून पर्यटकांना नागझिऱ्यात प्रवेश करता येतो.

उन्हाळ्यात पानगळ झाल्याने दृष्टी दूरवर पोहोचते व पाणवठ्यावर वन्यप्राणी सहज दिसतात. म्हणूनच या दिवसांत पर्यटकांचा ओघ वाढतो. पण वणव्याचा धोकाही याच काळात सर्वाधिक असतो. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून काही ठिकाणी झाडाखालचा पालापाचोळा पेटविला जातो. कोठे एखादी जळती विडी पुरेशी ठरते. जमिनीलगतची ही आग मोठ्या वृक्षांना फारशी इजा करीत नाही, म्हणून ती क्षुल्लक वाटते. प्रत्यक्षात तिच्यात कोवळी रोपे व जमिनीवरील पक्ष्यांची घरटी नष्ट होतात. उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात वाहून तलावात साचते. गाळाने तलावाची साठवण घटते आणि शेवटी धानाला पाणी कमी पडते. वनातील ठिणगीची झळ अशा रीतीने बांधापर्यंत पोहोचते.

यावर उपाय कठीण नाहीत. वनविभाग उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा साफ करतो. मोहाखालचा पाला जाळण्याऐवजी झाडून बाजूला सारावा किंवा झाडाखाली कापड अंथरावे. त्यामुळे फुलेही स्वच्छ मिळतात. पर्यटकांनी आगपेटी व विडी-सिगारेट वनात नेऊ नये, वाहनातून उतरू नये, शांतता पाळावी.

वनविहाराचा आनंद सर्वांचा आहे. तद्वतच वनरक्षणाची जबाबदारीही सर्वांचीच आहे. वन राहिले तर तलाव राहील आणि तलाव राहिला तरच शिवार हिरवे राहील.