निळ्या विवरातील कमान
ईजिप्तमधील दहाब गावाजवळ, तांबड्या समुद्राच्या काठाशी, प्रवाळांनी वेढलेले ‘ब्ल्यू होल’ हे सुमारे १०० मीटर खोल विवर आहे. ५५ मीटरच्या सुमारास खडकाची एक कमान त्यास खुल्या समुद्राशी जोडते. कमानीची लांबी सुमारे २६ मीटर. परंतु पलीकडून येणाऱ्या निळ्या प्रकाशामुळे ती वाट फारच जवळची भासते. हौशी स्कूबा पाणबुड्यांस ४० मीटरची मर्यादा घालून दिलेली आहे, ती उगाच नव्हे. कमानीपाशी दाब पृष्ठभागाच्या साडेसहापट असल्याने टाकीतील हवा तितक्याच वेगाने सरते. त्यातच हवेतील नायट्रोजन मद्यासारखा अंमल करून विचारशक्ती मंद करतो. येथे प्राणास मुकलेल्यांचे स्मृतिफलक किनाऱ्यावरील कड्यावर आहेत. कमानीतून जाण्यास हेलियममिश्रित वायू व त्याच्या वापराचे रीतसर प्रशिक्षण लागते.