हिमससा आणि लिंक्स

मुलांनो, रानात ससे खूप वाढले तर काय होईल? त्यांना खाणारे प्राणी वाढतील. ते वाढले, की ससे कमी होतील. मग त्या प्राण्यांनी काय खायचे? कॅनडा देशातील अरण्यांत हे चक्र सतत फिरत असते.

तेथे हिमससा राहतो. उन्हाळ्यात तो तपकिरी असतो, हिवाळ्यात बर्फासारखा पांढराशुभ्र होतो. तेथेच लिंक्स नावाचे मोठे रानमांजर राहते. हिमससा हेच त्याचे मुख्य अन्न.

१६७० साली स्थापन झालेली हडसन्स बे कंपनी शिकाऱ्यांकडून लिंक्सची कातडी विकत घेई. किती कातडी आली, याची नोंद वह्यांत होई. पुढे चार्ल्स एल्टन आणि मेरी निकल्सन या शास्त्रज्ञांनी या जुन्या नोंदी तपासल्या. १९४२ साली त्यांनी दाखवून दिले, की लिंक्सची संख्या सुमारे दर दहा वर्षांनी वाढते आणि पुन्हा घटते. ससे आधी वाढतात, त्यांच्या मागोमाग लिंक्स वाढतात. ससे घटले, की लिंक्सची पिल्ले उपाशी मरतात.

पण ससे घटतात कशामुळे? चारा संपतो म्हणून, की शिकार होते म्हणून? हे शोधण्यासाठी १९८६ ते १९९६ अशी दहा वर्षे युकॉनमधील क्लुआनी येथे चार्ल्स क्रेब्ज आणि त्यांचे सहकारी व विद्यार्थी खपले. त्यांनी रानाचे एकेक चौरस किलोमीटरचे भाग आखले. काही भागांत सशांना जादा खाद्य दिले. एका भागाला विजेचे कुंपण घातले. त्यातून ससे जात; लिंक्सला मात्र जाता येत नसे. एका भागात दोन्ही केले.

काय आढळले? नुसत्या कुंपणाने ससे दुप्पट झाले. नुसत्या खाद्याने तिप्पट झाले. दोन्ही केले तेथे ते अकरापट झाले! म्हणजे चारा आणि शिकारी, दोन्ही कारणे मिळून हे चक्र फिरवतात. एकाच कारणावर बोट ठेवून चालत नाही.

उपक्रम

पाच-पाच जणांचे गट करा. जमिनीवर तीन वीत लांबीरुंदीचा चौकोन आखा. त्यात दहा चिंचोके पसरा. हे तुमचे ससे. वीतभर लांबीरुंदीचा पुठ्ठा म्हणजे लिंक्स. तो डोळे मिटून चौकोनात टाका. त्याखाली आलेले चिंचोके काढून घ्या. तीन किंवा अधिक मिळाले, तर लिंक्स जगेल आणि त्याला एक पिल्लू होईल. कमी मिळाले, तर तो मरेल. उरलेले ससे दुप्पट करा. पुढच्या फेरीत जितके लिंक्स, तितक्या वेळा पुठ्ठा टाका. एकही ससा किंवा लिंक्स उरला नाही, तर शेजारच्या रानातून एक आणा. अशा वीस फेऱ्या खेळा. प्रत्येक फेरीचे आकडे वहीत लिहा.

आता सर्व गटांचे आकडे शेजारी शेजारी मांडा. सुरुवात सारखीच होती, तरी आकडे वेगळे का आले? पहिल्या फेऱ्यांत एखादा चिंचोका कमीअधिक गेला, तर पुढे केवढा फरक पडतो, ते पाहा. गटात चर्चा करून उत्तर लिहा.