मुंगळ्याच्या पोटातील सोबती



पेरूच्या किंवा आंब्याच्या खोडावरून काळ्या मुंगळ्यांची रांग वर चढताना आपण नेहमी पाहतो. आमच्या आवारातील पेरूवर अशी रांग दिसली की पूर्वी आम्ही बुंध्याशी पावडर टाकून मोकळे होत असू. मुंगळे मरत, चार दिवसांनी दुसरे येत, आणि फळांवरचा पांढरा पिठ्या ढेकूण होता तसाच राही. मुंगळा झाडावर का चढतो, काय खाऊन जगतो, याचा विचार आम्ही केलाच नव्हता. तो आज करू.

मुंगळा झाडाचा पाला खात नाही. पिठ्या ढेकूण व मावा हे किडे झाडाचा रस शोषतात आणि गोड चिकटा बाहेर टाकतात. तो चिकटा मुंगळा चाटतो. त्यात साखर भरपूर, पण अंग वाढवणारी द्रव्ये थोडी. नुसत्या भाकरीवर मूल बाळसे धरत नाही, तिला डाळीची जोड लागते. मुंगळ्याच्या पिलांचेही तसेच आहे. मेलेले किडे खाऊन ही जोड काही अंशी मिळते. बाकीची कोठून येते?

याचा पहिला धागा फ्रिड्रिख ब्लॉखमान या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाला १८८० च्या दशकात सापडला. मुंगळ्याच्या आतड्याच्या पेशींत आणि मादीच्या अंडाशयात त्यांना काड्यांसारखे सूक्ष्म जीव दिसले. ते जीवाणू होते. त्यांच्या स्मरणार्थ या जीवाणूंना आज ब्लॉखमानिया म्हणतात. मुंगळ्यांच्या कॅम्पोनोटस या गटात हजाराहून अधिक जाती आहेत, आणि जेथे जेथे तपासले तेथे तेथे हा सोबती आढळला आहे.

तो काय करतो? २००७ साली जर्मनीतील शास्त्रज्ञांनी फ्लोरिडातील एका जातीच्या मुंगळ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. ज्यांच्या पोटातील जीवाणू अँटिबायोटिक औषधाने मारले, त्या मुंगळ्यांच्या हातून पिले कमी वाढली. जीवाणू असलेल्यांनी मात्र निकृष्ट अन्नावरही पिले चांगली वाढवली. हा जीवाणू मुंगळ्याला स्वतः बनवता न येणारी ॲमिनो आम्ले तयार करून देतो. शिवाय टाकाऊ युरियातील नत्र पुन्हा कामाला लावतो. आपण शेण उकिरड्यात कुजवून शेताला परत देतो, त्यातलाच हा प्रकार.

आपल्या हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींतही जीवाणू असतात. पण दोन फरक ध्यानात घ्यावेत. गाठीतला जीवाणू हवेतला नत्र धरतो, मुंगळ्यातला तसे करीत नाही. आणि हरभऱ्याला आपला जीवाणू दर पिढीत मातीतून मिळवावा लागतो. मुंगळ्याला तो आईच्या अंड्यातूनच मिळतो.

या दुसऱ्या फरकातच त्याच्या प्रसाराचे उत्तर आहे. हा जीवाणू साथीसारखा एका वारुळातून दुसऱ्यात पसरला नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी तो मुंगळ्यांच्या पूर्वजांत शिरला. त्याचे जवळचे नातलग पिठ्या ढेकणासारख्या रस शोषणाऱ्या किड्यांत सापडतात. त्यामुळे त्या किड्यांचा चिकटा चाटतानाच तो पूर्वजांच्या पोटात गेला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. पुढे मुंगळ्यांच्या नव्या जाती निर्माण झाल्या तसा तोही प्रत्येक जातीबरोबर बदलत गेला. म्हणून मुंगळ्यांची वंशावळ आणि या जीवाणूंची वंशावळ एकमेकींशी जुळते.

घरातले सारे आयते मिळाल्यावर जे होते ते याचेही झाले. २००३ साली त्याच्या गुणसूत्राचा पूर्ण आलेख वाचला गेला, तेव्हा त्यात सुमारे ७ लाख अक्षरे भरली. माणसाच्या आतड्यातील ई. कोलाय जीवाणूत ती सुमारे ४६ लाख असतात. बाहेर स्वतंत्र जगण्याची पुष्कळ साधने त्याने गमावली. ॲमिनो आम्ले बनवण्याची मात्र राखली. आता मुंगळ्यावाचून तो नाही, आणि त्याच्यावाचून मुंगळ्याचा संसार रोडावतो.

यातून आपण काय घ्यावे?

शेतीसाठी: मुंगळा हा रोगाचे मूळ नव्हे, तो रोगाची खूण आहे. मात्र चिकट्याच्या लोभाने तो पिठ्या ढेकणाची राखण करतो आणि त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतो. म्हणून फार किडलेल्या फांद्या कापून नष्ट कराव्यात. जमिनीला व कुंपणाला टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात. खोडाला प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावर चिकट लेप द्यावा. लेप सालीला लावू नये. मुंगळ्यांची वाट बंद झाली की ढालकिड्यांना काम करता येते. सरसकट विषारी फवारणी केल्यास शत्रूबरोबर हे मित्रही मरतात.

आरोग्यासाठी: आपल्याही आतड्यात उपयोगी जीवाणू राहतात. अँटिबायोटिक गोळी शत्रू आणि सोबती असा भेद करीत नाही. साध्या सर्दीवर ती चालतही नाही, कारण सर्दी विषाणूंमुळे होते. तेव्हा दुकानातून मनाने गोळ्या आणू नयेत, आणि मागच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या मुलांना देऊ नयेत. डॉक्टरांनी दिल्या तर सांगितल्याप्रमाणेच घ्याव्यात.

आमच्या पेरूला आता पावडर नाही, पट्टी आहे. आपणही येत्या रविवारी आपल्या झाडांची पाने उलटून पाहावीत.