बिटकॉइनचे जुने यंत्र : भंगार की भांडार?



कोल्हापूरची शाहूपुरी ही पेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली वसवली, ती गुळाच्या व्यापारासाठी. गुऱ्हाळ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. उसाचा रस काहिलीत जातो आणि उरलेली चिपाडे वाळवून त्याच काहिलीखालच्या चुलवाणात जाळतात. रस आटवायला उसाचेच जळण! मुख्य काम झाल्यावर उरलेल्या वस्तूत अजून काय शिल्लक आहे, हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. आज तोच प्रश्न आपण एका नव्या जमान्यातील वस्तूला विचारू. ती वस्तू म्हणजे बिटकॉइन ‘खणून’ काढणारे, आता निवृत्त झालेले यंत्र.

समजा, एखाद्या भंगाराच्या दुकानात तुम्हाला बुटांच्या खोक्याएवढी ॲल्युमिनियमची पेटी दिसली. तिच्या दोन्ही टोकांना पंखे आहेत आणि आत तीन लांबट पट्ट्या उभ्या बसवल्या आहेत. ते बहुधा बिटमेन कंपनीचे ‘अँटमायनर एस-९’ किंवा त्याचे एखादे भावंड असेल. एस-९ हे यंत्र २०१६ साली बाजारात आले. त्याचेच उदाहरण घेऊन पुढे जाऊ.

हे यंत्र काय करत होते?

बिटकॉइन हे आभासी चलन जानेवारी २००९ मध्ये सुरू झाले. त्याची खातेवही कोणा एका पेढीकडे नसते. जगभरच्या संगणकांवर तिच्या प्रती असतात. तिला नवे पान जोडायचे तर एक कोडे सोडवावे लागते. पानाच्या ८० बाइटांच्या मथळ्यावर ‘एसएचए-२५६’ नावाची गणिती प्रक्रिया दोनदा करायची. उत्तरादाखल एक प्रचंड मोठी संख्या मिळते. ती ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान आली, तर कोडे सुटले. न आल्यास मथळ्यातील एक अंक बदलून पुन्हा करायचे. येथे युक्ती चालत नाही. कुलपाला एकामागून एक किल्ली लावून पाहावी, तसा हा प्रकार आहे.

एस-९ सेकंदाला सुमारे साडेतेरा लाख कोटी किल्ल्या लावून पाहते आणि त्यासाठी सुमारे १,३२० वॅट शक्ती घेते. भागाकार करा: एक लाख कोटी प्रयत्नांना सुमारे ९८ जूल ऊर्जा लागते.

मग ते भंगारात का गेले?

ते मोडले म्हणून नव्हे. त्याच कंपनीचे पुढचे ‘एस-२१’ हे यंत्र ३,५०० वॅटमध्ये सेकंदाला २०० लाख कोटी प्रयत्न करते. म्हणजे एक लाख कोटी प्रयत्नांना साडेसतरा जूल. एस-९ त्याच्या साडेपाचपट ऊर्जा खाते.

आता पैशांचा हिशोब करू. एस-९ दिवसभर चालवले, तर १.३२ किलोवॅट × २४ तास = सुमारे ३१.७ युनिट वीज जाते. युनिटला ८ रुपये धरले तर खर्च सुमारे २५३ रुपये. मिळकत किती? एप्रिल २०२४ पासून प्रत्येक पानाला ३.१२५ बिटकॉइन नव्याने मिळतात आणि दिवसाला साधारण १४४ पाने जोडली जातात, म्हणजे दिवसाचे ४५० बिटकॉइन. २०२५ साली जगातील सर्व यंत्रांची मिळून गती सेकंदाला सुमारे १०० कोटी लाख कोटी प्रयत्न, म्हणजे १ वर २१ शून्ये, इथवर पोहोचली. तेव्हा आपल्या यंत्राच्या वाट्याला त्या ४५० चा साडेसात कोटींवा भाग येतो. एका बिटकॉइनची किंमत हिशोबापुरती ८० लाख रुपये धरा. दिवसाची मिळकत सुमारे ४८ रुपये! २५३ रुपये घालून ४८ मिळवायचे. ‘जुने यंत्र घ्या, घरबसल्या पैसे कमवा’ असे कोणी सांगू लागला, तर त्याच्यासमोर हा हिशोब मांडा. भाव बदलतील तसे आकडे बदलतील, पण हिशोबाची रीत तीच राहील.

पेटी उघडल्यावर

यंत्राचे चार भाग पडतात. एकेक पाहू.

पहिला भाग, गणना करणाऱ्या तीन पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर ६३ चिप्स असतात. या चिप्सना एसएचए-२५६ खेरीज दुसरे काहीही येत नाही. दोन अधिक दोन करायला सांगितले, तरी त्या करणार नाहीत. पण त्यांची जोडणी पाहण्यासारखी आहे. तीन-तीन चिप्स समांतर जोडून एक गट, आणि असे २१ गट एकसर जोडणीत. गणपतीच्या आराशीतील दिव्यांच्या माळेत असतात तसे. प्रत्येक गटाच्या वाट्याला जेमतेम ०.४ व्होल्ट विद्युत्दाब येतो. एक चिप सुमारे ७ वॅट शक्ती घेते. ७ ला ०.४ ने भागा, म्हणजे नखाएवढ्या चिपमधून १७ अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो! माळेतला एक दिवा गेला की माळ विझते, तसेच येथेही एका बिघडलेल्या चिपमुळे सारी पट्टी बंद पडू शकते.

दुसरा भाग, नियंत्रक पट्टी. एस-९ च्या नियंत्रक पट्टीवर ‘झिंक ७०१०’ जातीची चिप असते. तिच्यात दोन गाभ्यांचा एक प्रक्रियक आहे आणि शिवाय हवी तशी जोडणी करून घेता येणारे तर्कद्वारांचे एक मोकळे मैदानही आहे. ही पट्टी मात्र बहुगुणी. ‘एबिट ई-९ प्लस’ या दुसऱ्या एका यंत्राच्या अशाच नियंत्रक पट्ट्या स्वस्तात बाजारात आल्या, तेव्हा जगभरच्या हौशी तंत्रज्ञांनी त्यांच्यावर डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सचे धडे गिरवले. अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेला ही पट्टी उपयोगी पडू शकते.

तिसरा भाग, वीजपुरवठ्याची पेटी. ती २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करते. १,६०० वॅटची पेटी असेल, तर १,६०० ÷ १२ = सुमारे १३३ अँपिअर प्रवाह देण्याची तिची ताकद.

चौथा भाग, पंखे आणि ॲल्युमिनियमची पेटी. आजचा आपला प्रयोग यांच्यावरच आहे.

घरगुती नियंत्रकाने जुन्या चिपकडून तिचे मूळ कामही करून घेता येते. ‘बिटॅक्स’ या खुल्या आराखड्याच्या उपकरणात जुन्या यंत्रातील एकच चिप घेऊन तिला ‘ईएसपी-३२’ हा छोटा सूक्ष्मनियंत्रक जोडतात. चिपला दाब किती, ठोक्यांची गती किती, हे तो ठरवतो. कोडे तिच्याकडे पाठवतो आणि सापडलेला अंक परत घेतो. त्यातून पैसे सुटण्याची शक्यता नगण्य, पण आखणी शिकायला ते नामी साधन आहे.

उष्णतेचे काय?

यंत्रात गेलेल्या १,३२० वॅटचे शेवटी काय होते? कोड्याच्या उत्तरात ऊर्जा साठून राहत नाही. जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून एस-९ आणि तेवढ्याच वॅटची शेगडी यांत, उष्णतेपुरता पाहता, फरक नाही. २०२२ साली नेदरलँड्समध्ये ट्यूलिप फुलांच्या एका हरितगृहात अशाच यंत्रांची उष्णता वापरली गेली.

मग आपण तिच्यावर मिरच्या वाळवाव्यात का? ताशी ऊर्जा १,३२० × ३,६०० = सुमारे ४७.५ लाख जूल. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख जूल लागतात. म्हणजे एक थेंब उष्णता वाया गेली नाही, तरी तासाला दोन किलोच पाणी उडेल, आणि विजेचे साडेदहा रुपये लागतील. अंगणातले ऊन हे काम फुकट करते. जेथे उष्णता विकतच घ्यावी लागते, तेथे हा मार्ग ठीक. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात नव्हे. गुऱ्हाळातील चिपाड फुकट असते म्हणून ते जळण परवडते. ही उष्णता फुकट नाही, हे विसरून चालणार नाही.

करून पाहा : पंख्याचा घरगुती नियंत्रक

साहित्य : पेटीचे रिकामे ॲल्युमिनियमचे खोके, त्यातील एक चार तारांचा पंखा, बाजारात मिळणारा बंदिस्त १२ व्होल्ट ५ अँपिअरचा ॲडॅप्टर, आर्डुइनो उनो, एलएम-३५ हा तापमान संवेदक, बीसी-५४७ ट्रान्झिस्टर, १ किलोओहम व १० किलोओहमचे रोध, १० ओहम २५ वॅटचा रोध, ॲल्युमिनियमची एक पट्टी आणि रिले.

१० ओहमचा रोध पट्टीवर स्क्रूने घट्ट बसवा व पट्टी खोक्यात ठेवा. १२ व्होल्टला त्यातून १.२ अँपिअर प्रवाह जाईल आणि १२ × १.२ = १४.४ वॅट उष्णता निर्माण होईल. ही आपली ‘खोटी चिप’. तिचा पुरवठा रिलेतून घ्या. एलएम-३५ पट्टीला चिकटवा. तो दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो. आर्डुइनो ५ व्होल्टचे १,०२४ भाग करून मोजतो, म्हणजे एक भाग ४.९ मिलिव्होल्टचा; तेव्हा आपले मोजमाप अर्ध्या अंशापर्यंत बारीक आहे.

पंख्याच्या चार तारा म्हणजे ऋण, १२ व्होल्ट, गती सांगणारी आणि गती ठरवणारी. रंगांवर विसंबू नका. पंख्याचा क्रमांक पाहून माहितीपत्रक शोधा. ॲडॅप्टरची व आर्डुइनोची ऋण तार एकत्र जोडा. गती सांगणारी तार १० किलोओहममधून ५ व्होल्टला आणि तेथून आर्डुइनोच्या २ क्रमांकाच्या पिनला जोडा. दर फेऱ्याला दोन ठोके येतात. म्हणून सेकंदाचे ठोके × ३० = मिनिटाचे फेरे.

गती ठरवणाऱ्या तारेला सेकंदाला २५,००० वेळा चालू-बंद होणारा संकेत लागतो. आपला कान २०,००० च्या पुढचे ऐकत नाही, म्हणून पंखा कुरकुरत नाही. आर्डुइनोचे घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देते. त्यातील एक मोजयंत्र ० ते ३२० आणि परत ० असे चालवा: १,६०,००,००० ÷ ६४० = २५,०००. हा संकेत ९ क्रमांकाच्या पिनवरून १ किलोओहममार्गे ट्रान्झिस्टरच्या बेसला द्या. एमिटर ऋण तारेला, कलेक्टर पंख्याला. ट्रान्झिस्टरमुळे संकेत उलटा होतो, हे प्रोग्रॅममध्ये ध्यानात ठेवा.

नियम असा करू : तापमान ४० अंशांखाली असेल, तर २० टक्के संकेत, ६० च्या वर १०० टक्के, मध्ये दर अंशाला ४ टक्के वाढ. म्हणजे ५० अंशांना ६० टक्के. तापमान वाढले की पंखा वाढतो, पंखा वाढला की तापमान उतरते. परिणाम फिरून कारणालाच आवरतो, यालाच ऋण प्रतिभरण म्हणतात.

पंखा नेहमी पूर्ण वेगाने का ठेवू नये? पंख्याला लागणारी शक्ती साधारणपणे गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. गती निम्मी केली की शक्ती एक अष्टमांश होते! २० वॅटचा पंखा अडीच वॅटवर येतो, आणि कानठळ्याही थांबतात.

नियंत्रकच बिघडला तर?

चांगल्या नियंत्रकाची परीक्षा येथे होते. आपल्या जोडणीत संकेताची तार तुटली, तर पंख्याच्या आतील रोध ती तार ‘उच्च’ ठेवतो आणि पंखा पूर्ण वेगाने फिरतो. बिघाड झाला, पण सुरक्षित बाजूला. त्यात दोन अटी घाला. पंख्याचे ठोके थांबले, तर रिले पुरवठा तोडेल. तापमान ५ अंशांखाली किंवा १०० च्या वर दिसले, तर संवेदकच बिघडला असे समजून पंखा पूर्ण वेगाने व पुरवठा बंद. आपल्या खोलीत ५ अंश तापमान असणे शक्य नाही, म्हणून ही अट चालते. मग मुद्दाम एकेक तार काढून पाहा आणि काय होते ते वहीत लिहा.

सावधगिरी

वीजपुरवठ्याची जुनी पेटी विद्यार्थ्यांनी कधीही उघडू नये. तिच्या आतील धारित्रांवर ४०० व्होल्टपर्यंत दाब असू शकतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. ४५० मायक्रोफॅरडचे धारित्र ४०० व्होल्टला ३६ जूल ऊर्जा साठवते. ती जिवावर बेतू शकते. बाहेरच्या १२ व्होल्टलाही क्षुल्लक समजू नका. झटका बसणार नाही, पण १३३ अँपिअरच्या वाटेत पाना पडला तर तो लाल होईल. म्हणूनच आपण लहान ॲडॅप्टर घेतला. १० ओहमचा रोध हाताला चटका देतो; त्याला बोट लावू नका.

उरलेल्या पट्ट्या तांब्यासाठी जाळू नका. तो धूर विषारी असतो. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे त्या सोपवा.

स्वाध्याय

१. पंख्याच्या तारेवर सेकंदाला १४० ठोके मोजले. मिनिटाला फेरे किती?

२. तापमान ४७ अंश असेल, तर संकेत किती टक्के?

३. एस-९ मधून बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा १५ अंशांनी गरम आहे. हवेची विशिष्ट उष्णता किलोला १,००० जूल प्रति अंश व घनता घनमीटरला १.१५ किलो धरून, सेकंदाला किती हवा वाहते ते काढा. (सुमारे ७७ लिटर यायला हवे.)

४. विजेचा दर युनिटला किती रुपये असता, तर एस-९ ला वरच्या आकड्यांनी ना नफा ना तोटा झाला असता?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर काढल्यावर घरचे वीजबिल हातात घेऊन दर ताडून पाहा. हे यंत्र भंगारात का आले, ते मग कोणी सांगावे लागणार नाही.