मण्यांचं काउंटर

मागच्या सेममध्ये आमच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्टसाठी एक भन्नाट (आमच्या मते!) आयडिया काढली होती. बाळाच्या छातीला सेन्सर लावायचा, तो श्वास मोजेल आणि न्यूमोनिया आहे की नाही ते डिस्प्लेवर येईल. खेड्यात डॉक्टर-नर्स कमी आहेत ना, मग मशीन द्या, प्रश्न मिटला! गाईड सरांनी सर्किट बघितलंसुद्धा नाही. एवढंच विचारलं, "हे बाळाला लावणार कोण? आणि तिला पगार किती?" आम्ही गप्प. पगाराचा ब्लॉक आमच्या डायग्राममध्ये नव्हताच.

सरांनी मग गडचिरोलीबद्दल वाचायला सांगितलं. (मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे रूममेटला दहा वेळा अर्थ विचारले, ते असो.) डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था काढली. लहान मुलं न्यूमोनियाने दगावत होती. तो ओळखायची खूण म्हणजे जलद श्वास. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा मिनिटाला ६० किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त. पण मोजणार कोण? गावात होत्या दाया, आणि त्यांना एवढे आकडे मोजता येत नव्हते. म्हणून त्यांच्यासाठी एक साधं यंत्र बनवलं गेलं. एका मिनिटाची वाळूची घटिका आणि ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. बघा ना, आपण डिजिटलला शिकतो ते काउंटर आणि कंपॅरेटर दोन्ही यात आहेत, आणि पॉवर सप्लाय शून्य!

पुढे सर्चने ३९ गावांत तिथल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. नवजात बाळाचं वजन, ताप, श्वास बघणं आणि जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन देणंसुद्धा. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला. तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते.

आज हेच घरभेटींचं काम देशभर आशाताई करतात. ही योजना २००५ पासूनची. पण कागदावर त्या 'स्वयंसेविका', म्हणून पगार नाही, कामागणिक मोबदला. त्यात मोबाईल आला तसं ऑनलाइन कामही आलं. महाराष्ट्रात २०२३-२४ मध्ये त्यांनी संप केले, तेव्हा २०२४ मध्ये राज्याने महिन्याला ५,००० रुपये वाढवून दिले. मला वाटतं माणसं कमी पडतात म्हणून आपण मशीन आणतो, आणि आहेत त्या माणसांवरच मशीनचं काम टाकतो.

आम्ही जवळच्या एका गावात आशाताईंना भेटलो. दिवसभर त्या रजिस्टर भरतात, रात्री रेंज मिळाली की तेच पुन्हा मोबाईलमध्ये. आमचा सेन्सर हातात घेऊन त्या म्हणाल्या, "छान आहे गं पोरी. पण याची पण वही लिहायची का?"

सेन्सर कपाटात गेला! आता आम्ही वेगळं काहीतरी लिहितोय. नोंद एकदाच करायची, रेंज नसतानाही, आणि महिनाअखेरीस मोबदल्याचा हिशोब त्यातूनच निघाला पाहिजे. कोड चालतो, पण मोबदल्याच्या फॉर्मचे रकाने अजून जुळत नाहीत. होस्टेलमध्ये कोणाची आई किंवा काकू आशा असेल, तर प्लीज एक कोरा फॉर्म सुट्टीवरून येताना आणा.